न टेकलेली टेकणकाठी

मित्रांनो, मी एक जुनी टेकणकाठी आहे. माल्टा बेटावरच्या एका गावात, हिरव्या बँड मंडळाच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात मला उभं करून ठेवलं आहे. माझ्या एका बाजूला बँडने जिंकलेले चषक आहेत आणि दुसऱ्या बाजूला एका माजी अध्यक्षांचा फोटो आहे. ऑगस्टमध्ये उत्सव जवळ आला की शाळेची मुलं रांगेने मला बघायला येतात. त्यांना माझी जी गोष्ट सांगतात, ती ऐकून मुलं टाळ्या वाजवतात. ती गोष्ट खोटी आहे. खरी गोष्ट सांगायला कपाटाच्या बाहेर कुणी तयार नाही, म्हणून मीच सांगते.

माझा जन्म काही मानाचा नाही. मी आधी वल्हं होते. एक जुनी होडी मोडीत निघाली तेव्हा नेनू सुताराने तिची वल्ही उचलून आणली, कारण आमच्या बेटावर दगड मागाल तितका मिळतो, पण बरं लाकूड समुद्रापलीकडून यावं लागतं. एके दिवशी दगडाच्या खाणीत काम करणारा विस्तिन त्याच्याकडे आला. उत्सवाच्या मिरवणुकीत सान रोक्कू या आमच्या संताची मूर्ती खांद्यावर वाहणाऱ्या आठ जणांत त्याची नुकतीच निवड झाली होती, मागच्या डाव्या कोपऱ्यावर. नेनूने त्याला उत्सवाचे बूट घालूनच यायला सांगितलं होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, नेनूने खांद्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि मला नेमकं तेवढं कापलं. वर मूर्तीची दांडी पेलायला लोखंडी बेचकं बसवलं आणि खाली लाकूड झिजू नये म्हणून लोखंडी टोपी ठोकली.

नेनू फार बोलणारा नव्हता. मला विस्तिनच्या हातात देताना तो एवढंच म्हणाला, "चालताना ही तुला नसतं लचांड वाटेल. थांबशील तेव्हा कळेल कशाला दिली."

माझं काम त्याने एका वाक्यात सांगितलं होतं. आठ माणसं मूर्ती घेऊन चालायची, डुलत डुलत, बँडच्या ठेक्यावर. प्रत्येकाच्या मोकळ्या हातात त्याच्या त्याच्या उंचीची एक काठी. पुढे चालणारा म्होरक्या स्पिरू दांडीवर तळहाताची एक थाप मारायचा, की आठही काठ्या दांड्यांखाली उभ्या राहायच्या आणि आठही माणसं खांदे काढून घ्यायची. दोन थापा पडल्या की पुन्हा खांदे खाली, काठ्या बाहेर, मूर्ती वर. मूर्ती म्हणजे लाकडी सान रोक्कू, डोक्यामागे चांदीचं वलय आणि पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा. ते सगळं ओझं थाप पडल्यावर आम्हा आठ काठ्यांवर यायचं. मला ते आवडायचं. ओझं आलं की आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटतं.

तीस वर्षं मी विस्तिनबरोबर फिरले. नोगा नावाची मिठाई विकणाऱ्या गाडीसमोर टेकले, कागदाच्या चिंध्यांचा पाऊस अंगावर घेत चौकात टेकले, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईच्या खिडकीखाली दर वर्षी टेकले, कारण तिला संताचा चेहरा जवळून बघायचा असायचा. माझ्या टोपीवर या गावच्या प्रत्येक फरशीचा ओरखडा होता. उत्सव संपला की विस्तिनची बायको चेत्ता मला ओल्या फडक्याने पुसायची आणि दाराआड उभी करायची. तिथे वर्षभर विस्तिनचा कोट माझ्यावर टांगलेला असायचा. याहून मोठं कौतुक मला कधी हवंसं वाटलं नाही.

आता निळ्यांबद्दल सांगते. गाव टीचभर, पण मंडळं दोन. निळं मंडळ सांता मारियाचं, आमचं हिरवं सान रोक्कूचं. त्यांचा उत्सव आमच्या आठवडाभर आधी. ते आम्हाला "कुत्र्याची माणसं" म्हणायचे. आम्ही त्यांना काय म्हणायचो ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. त्यांचे फटाके जास्त वेळ वाजले की आमच्याकडे दोन दिवस कुणी धड जेवायचं नाही. आमच्या बँडमध्ये एक कर्णा वाढला की पुढच्या वर्षी त्यांच्याकडे दोन वाढायचे. देव एकच, चर्चही एकच, पण माणसांना भांडायला तेवढं पुरतं.

या भांडणातून एक नियम झाला होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, म्हणून तो मोडताही येत नव्हता. बेकरीच्या कोपऱ्यापासून चॅपेलच्या पायरीपर्यंत रस्ता चढाचा आहे, ऐंशी पावलांचा, आणि बरोबर मध्यावर निळ्यांचं मंडळ आहे. तेवढ्या ऐंशी पावलांत हिरवी काठी टेकत नाही. निळ्यांची मूर्ती आमच्या दारावरून जाते तेव्हा त्यांचीही टेकत नाही. मग काय, आमची मूर्ती तिथे पोहोचली की निळे गच्चीवरून, सज्ज्यातून ओरडायचे, "टेकवा, टेकवा, दमलात." आमचे लोक छाती काढून वर जायचे आणि चॅपेलशी पोहोचल्यावर धापा टाकत हसायचे. आमच्या दारासमोर आमची पोरं त्यांना हेच ओरडायची. सगळ्यात मोठा आवाज विस्तिनचा असायचा, हे मी लपवणार नाही.

आणि त्याच विस्तिनच्या मुलीने, मेनाने, लग्न केलं निळ्यांच्या लेलीशी. लेली निळ्यांचा ढोल वाजवायचा, आणि त्यांचं घर निळ्या मंडळाला अगदी लागून. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत झाली. विस्तिन लग्नात हिरवा टाय घालून आला आणि रात्रभर व्याह्याच्या निळ्या टायकडे बघत बसला. पुढे नात झाली तेव्हा मात्र तो विरघळला. रोज संध्याकाळी खाणीतून आला की मेनाकडे जायचा, फक्त निळ्यांच्या दारावरून नाही, मागच्या बोळातून. लेली त्याला चहा करून द्यायचा. दोघं अंजिरांवर बोलायचे, पावसावर बोलायचे, उत्सवावर कधीच नाही. तरी ऑगस्ट लागला की विस्तिन पंधरा दिवस तिकडे फिरकायचा नाही.

एकतिसाव्या वर्षी जूनमध्ये त्याला खाणीत चक्कर आली. डॉक्टरांनी हृदयाच्या पट्ट्या काढल्या आणि सांगितलं की यापुढे ओझं उचलायचं नाही, घरातलं गॅसचं सिलिंडरसुद्धा नाही. विस्तिनने ते कागद घडी करून माझ्यावर टांगलेल्या कोटाच्या खिशात ठेवले. मंडळात कुणाला सांगितलं नाही. चेत्ताला सांगावं लागलं, कारण ती बरोबर गेली होती.

उत्सवाच्या दुपारी तिने मला उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. तो दाराबाहेर बूट बांधत बसला होता. तो म्हणाला की हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षापासून तो कोपरा दुसऱ्या कुणाचा. ती म्हणाली, तुझ्या जागी उभे राहायला चार तरुण टपून बसलेत, आजच देऊन टाक. त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढून बांधली. मग म्हणाला, "चेत्ता, मी आज गेलो नाही तर उद्या सगळं गाव म्हणेल, जावई निळा झाला आणि विस्तिनचा खांदा दुखायला लागला."

तिने दार उघडलं. तिचंही याच गावात आयुष्य गेलं होतं, त्यामुळे तो म्हणत होता ते खोटं नाही हे तिला कळत होतं. मला त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "थाप पडो न पडो, नाही सोसलं तर टेकव. मी मागेच आहे."

त्या वर्षी दोन्ही मंडळांची आधीच जुंपली होती. आपला उत्सव संपला की रस्त्यावरचे झेंडे-पताका उतरवायच्या असं ठरलेलं असतं. निळ्यांनी सगळं उतरवलं, पण त्यांच्या मंडळासमोर रस्त्यावर आडवा बांधलेला मोठा निळा कापडी पट तेवढा राहिला. ते म्हणाले, दोरीची कप्पी अडकली. आमचे म्हणाले, मुद्दाम ठेवलाय. खरं काय ते मला आजही माहीत नाही. मूर्ती बेकरीचा कोपरा ओलांडून चाळीस पावलं वर गेली आणि संताच्या डोक्यामागचं वलय त्या पटाला टेकणार एवढ्यात मिरवणूक थांबली.

थांबली, पण थाप पडली नाही. आठ माणसं संताला खांद्यावर घेऊन उन्हं कलताना निळ्यांच्या दारासमोर उभी राहिली. चालत्या ओझ्यापेक्षा उभं ओझं जड, हे आम्हा काठ्यांना कुणी शिकवायला नको. बँड तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. लेली सज्ज्यातून वाकून पटाची गाठ सोडवायला लागला, पण खारं वारं आणि ऊन खाऊन ती गाठ दगड झाली होती.

विस्तिनचा हात मी तीस वर्षं ओळखत होते. दगडाच्या भुकटीने तो कायम कोरडा असायचा. त्या दिवशी तो ओला झाला, आणि गार. त्याची बोटं मला घट्ट आवळायची, मग सैल पडायची, पुन्हा आवळायची. मी त्याच्या पायापासून चार बोटं वर लटकत होते. मित्रांनो, ज्या कामासाठी आपण जन्मलो ते काम समोर उभं आहे आणि आपण चार बोटं अधांतरी लटकतो आहोत, यासारखं दुःख नाही.

लेलीने खाली बघितलं आणि गाठ सोडून दिली. तो ओरडला, "स्पिरूकाका, टेकवा. बाबांचा चेहरा बघा, टेकवा."

तोच सज्जा, तोच शब्द, तोच निळा माणूस. चाळीस वर्षं तिथून हेच ओरडलं जात होतं आणि चाळीस वर्षं त्याचा अर्थ एकच होता. आमच्या लोकांनी खालून हुर्यो केली. स्पिरूने वर मानही केली नाही. तो म्हणाला, "आधी तुझी ती चिंधी काढ. तुझ्या सासऱ्याचा खांदा तुमच्या अख्ख्या मंडळाला पुरून उरेल."

सगळे हसले. विस्तिनही हसला, पण ते हसू अर्ध्यात राहिलं. शेजारच्या सज्ज्यात मेना उभी होती, मुलीला कडेवर घेऊन. ती हाका मारत होती, बाबा, खाली बसा म्हणून, पण बँडच्या कर्ण्यांपुढे तिचा आवाज पोहोचत नव्हता.

तेव्हा विस्तिनने मला टेकवलं. थाप न पडता, आपल्या मनाने. माझी टोपी फरशीवर जरा घसरली, तिला एक ओरखडा पडला, बेचकं दांडीखाली बसलं आणि त्याच्या कोपऱ्याचं सगळं ओझं माझ्यावर आलं. त्याने एक श्वास घेतला. पूर्ण, खोल श्वास. एवढा एकच.

स्पिरूला दांडीतला फरक जाणवला. त्याने मागे वळून पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "विस्तिन, काठी वर घे. ते बघताहेत."

आणि विस्तिनने मला वर घेतलं. मोडेन पण वाकणार नाही, हे काठीने म्हणावं. आमचा नाइलाज असतो. माणसाला वाकता येतं, बसता येतं, मला नाही जमत असं म्हणता येतं. हे सगळं येत असून तो काठीसारखा उभा राहिला.

लेलीने शेवटी सुरी आणून पट कापला. स्वतःच्या मंडळाचा पट. मूर्ती पुढे निघाली. चॅपेलच्या पायरीशी थाप पडली तेव्हा विस्तिनने मला नेहमीच्या जागी, नेहमीसारखं सरळ उभं केलं. बेचकं नीट बसलं का ते हाताने चाचपून पाहिलं. खांदा काढला, पायरीवर बसला आणि शेजारच्या खांबाला डोकं टेकवलं. मेणबत्ती घेऊन बायकांमध्ये चालणारी चेत्ता गर्दी फोडत आली तोवर सगळं संपलं होतं. तिने त्याच्या खिशातून रुमाल काढून त्याचा चेहरा पुसला आणि ती त्याच्याशेजारी बसून राहिली.

तेवढ्या वेळात मी एकटी त्याचा कोपरा सांभाळत होते. मग एक तरुण पुढे झाला, पण मी त्याच्या मापाची नव्हते. स्पिरूने मला काढून भिंतीला लावलं आणि दुसरी काठी दिली. रुग्णवाहिका यायच्या आत मूर्ती पुन्हा सरळ झाली होती आणि चालू लागली होती. मूर्ती चर्चला पोहोचायलाच हवी होती, असं नंतर सगळे म्हणाले. असेल.

अंत्ययात्रेच्या दिवशी निळ्यांनी आपल्या मंडळाची दारं लावून घेतली आणि झेंडा अर्ध्यावर उतरवला. लेली खांदा द्यायला पुढे झाला तेव्हा स्पिरूने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं. चेत्ताने ते पाहिलं. तिने जावयाचा दंड धरला आणि त्याला नेऊन उभं केलं, मागच्या डाव्या कोपऱ्यावर. 

मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात. महिन्याभरात मंडळाने माझ्यासाठी काचेचं कपाट केलं. खाली पितळी पाटी लावली, की विस्तिनने प्राण दिला, पण निळ्यांच्या दारात काठी टेकवली नाही. तीस वर्षं टेकले त्याचा उल्लेख नाही. न टेकण्याचं कौतुक, तेही न घडलेल्या गोष्टीचं.

चेत्ता एका सकाळी मंडळात आली. काळा पोशाख, हातात रिकामी पिशवी. तिने मला मागितलं. अंगणातल्या द्राक्षाच्या वेलाला टेकू हवाय, असं म्हणाली. स्पिरू खुर्ची सरकवून उभा राहिला. काठी आता गावाची आहे, विस्तिनची शान आहे, असं काहीबाही बोलला.

"शान तुमच्याकडे राहू दे, मला काठी द्या," चेत्ता म्हणाली. "त्यानं ती टेकवली होती. मेनानं वरून पाहिलं. खालची टोपी बघ, ओरखडा असेल."

स्पिरू म्हणाला, "उन्हात डोळे दिपतात, चेत्ता. पोरीला भास झाला असेल."

 चेत्ता रिकामी पिशवी घडी करून निघून गेली आणि पुन्हा कधी त्या दारात आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पिरू एकटाच आला. कपाट उघडून त्याने मला आडवं केलं आणि टोपीवरून अंगठा फिरवला. ओरखडे पुष्कळ होते, जुने, धुळीने काळे पडलेले. एकच ताजा होता, उजळ. तो त्याला लगेच सापडला. त्यावर अंगठा ठेवून तो बराच वेळ बसला. मला वाटलं, आता हा उठेल आणि मला चेत्ताच्या घरी पोहोचवेल. त्याने खिशातून कानस काढली, मग पॉलिश काढलं आणि फडक्याने टोपी घासत राहिला. घासता घासता तो रडत होता, हेही सांगायला हवं. पण घासायचा थांबला नाही.

पुढच्या वर्षी मिरवणूक निघाली. मला वाटलं होतं, निदान आता तरी त्या चढावर कुणी थांबेल. निळ्यांनी त्या वर्षी "टेकवा" म्हटलं नाही.  आमच्यांनी विस्तिनच्या नावाने आरोळी ठोकली आणि ऐंशी पावलं आधीपेक्षा जोरात चढून गेले. मेनाने सज्ज्याचं दार बंद करून घेतलं. हे सगळं मी कपाटातून ऐकलं, नंतर दिवाणखान्यात जमलेल्यांच्या बोलण्यातून.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. स्पिरू म्हातारा झाला आहे. कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसतो आणि मुलांना माझी गोष्ट सांगतो. या ऑगस्टमध्ये रांगेत एक मुलगी होती, केस घट्ट बांधलेली, विस्तिनसारखी रुंद कपाळाची. मेनाची मुलगी. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने वाजवल्या नाहीत. तिने काचेला नाक लावून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "टेकवायची नाही, तर मग काठी केली कशाला?"

स्पिरू फडकं घेऊन तिच्या नाकाचा डाग काचेवरून पुसायला लागला. नेनू असता तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. शाळेच्या बाई म्हणाल्या, चला मुलांनो, पुढचे चषक बघा. आणि रांग पुढे सरकली.

मित्रांनो, तुमच्या गावातही मंडळं असतील, झेंडे असतील, न टेकण्याच्या जागा ठरलेल्या असतील. कुणी दमलेला दिसला तर टेकवा. टेकवा म्हणणारा कोणत्या रंगाचा आहे हे नंतर बघा, आधी वर मान करून ऐका. आणि मला काचेत ठेवून टाळ्या वाजवू नका. द्राक्षाच्या वेलाखाली उभी असते तर पावसात भिजून आतापर्यंत कुजले असते, पण काहीतरी पेलत कुजले असते.

माझी टोपी आता आरशासारखी लखलखते. तिच्यावर एक ओरखडा होता. विस्तिनने घेतलेली विश्रांती तेवढीच होती.